डाळिंबी जमिनीवरची फुलं

'उजळली' हा शब्द कुणी माझ्यासमोर काढला की आजही माझ्या डोक्यात सणक जाते. समोरचं माणूस बिचारं कौतुक करत असतं. हातात चहाचा कप असतो, बशीत दोन बिस्किटं असतात आणि मी त्याच्याकडे असा काही बघतो, की बायको टेबलाखालून माझ्या पायावर पाय देते. त्या माणसाचा राग थोडाच असतो, बराचसा माझाच असतो. पण स्वतःवर किती ओरडणार? कोपरखैरण्यातलं आमचं घर लहान, आवाज लगेच शेजारी जातो.

मी वाशीच्या एका कापडाच्या दुकानात सेल्समन आहे. पंचवीस वर्षं झाली. प्रिंटेड साड्या आणि ड्रेस मटेरियल हा माझा काउंटर. आमच्या नातेवाइकांत मी एकटाच पुरुष असा, ज्याला बायका खरेदीला बरोबर नेतात आणि पिशव्या स्वतः उचलतात. कुणाच्या डोहाळजेवणाला कुठली साडी, कुणाच्या मुलीला कॉलेजला कसले कुर्ते, सगळं मला विचारून व्हायचं. चारशे-पाचशे किलोमीटरवरच्या मराठवाड्यातल्या चुलत बहिणी व्हिडिओ कॉलवर साड्या फडकवून दाखवायच्या आणि मी जेवता जेवता, हातातला घास तसाच धरून, "डावीकडची घे, ती दुसरी अंगावर मेल्यासारखी दिसेल," असं सांगायचो. मला याचा अभिमान होता. अभिमान कसला, फुगलो होतो.

त्यातही माझा हातखंडा म्हणजे गोऱ्या, फिकट कांतीला फुलांचं प्रिंट निवडून देणं. लोकांना वाटतं, गोऱ्या बाईला काहीही शोभतं. साफ चूक. शोभून दिसायचं तर सावळ्या बाईला निम्मं दुकान मोकळं असतं, फिकट बाईला मात्र निवडून द्यावं लागतं. आमच्या धंद्यात प्रिंटच्या मागच्या मूळ रंगाला जमीन म्हणतात. जमीन पिस्ता, बदामी किंवा फिकट गुलाबी असली की तिचा चेहरा कापडात विरघळून जातो. फुलं तळहाताएवढी असली तर माणसं फुलंच बघतात. फार बारीक असली तर चार पावलांवरून सगळं मातकट. लिंबाएवढी फुलं हवीत, मोकळी मोकळी पेरलेली, त्यात कुठेतरी गाजरी रंगाचा शिडकावा, आणि मागे जमीन गडद. खरी करामत त्या जमिनीची. राणी, वाइन, डाळिंबी असा रंग गळ्याशी आला की त्याची झाक हनुवटीवर आणि गालांवर चढते. बाई आरशात बघते आणि तिला वाटतं, आज आपल्या चेहऱ्यावर तरतरी आहे. ती तरतरी कापडाची असते. मला हे माहीत होतं. मी तेच तर विकत होतो.

माझी मुलगी जन्मली तेव्हा गव्हाळ होती, थेट माझ्या आईच्या वळणावर गेलेली. माझ्या मोठ्या बहिणीने, ताईने, पाळण्यात वाकून बघितलं आणि म्हणाली, "नाकीडोळी छान आहे हो." हे वाक्य पोरीने पुढे तेवीस वर्षं ऐकलं. लग्नात, बारशात, वाढदिवसाला. कुणी 'छान दिसतेस' म्हणायचं नाही, 'नाकीडोळी' लावूनच म्हणायचे. मीही कधी कुणाला टोकलं नाही. उलट दुकानातून तिच्यासाठी कापड आणताना, "हा रंग जरा उठाव देईल तुला," असं म्हणायचो. उठाव! बाप होतो की शोकेस सजवणारा?

मग ती ऐरोलीला एका बॅक ऑफिसात लागली. दिवसाची पाळी, एसीत बसून काम. वर्ष-दीड वर्षात तिचा रंग उतरायला, म्हणजे आमच्या भाषेत उजळायला, लागला.

काय आनंद झाला होता सगळ्यांना! आणि श्रेयासाठी काय चढाओढ! बायको म्हणायची, मसूरडाळीचा लेप मी लावला. ताई म्हणायची, क्रीम मी आणून दिली. मी म्हणायचो, प्रिंट माझं. रविवारी ताई आली की पोरीला खिडकीपाशी उभी करायची आणि हनुवटी धरून म्हणायची, "बघ की रे, कशी उजळली पोरगी! आपल्या घराण्यात कुणी एवढं नव्हतं." फॅमिली ग्रुपवर तिचा फोटो टाकला की लाल बदामांची रांग लागायची. जिला तेवीस वर्षं फक्त नाकडोळे होते, तिला अचानक अख्खा चेहरा मिळाला होता.

त्या दिवसांत मी काय करत होतो, ते सांगतो, आणि सांगताना मला आजही स्वतःच्या दोन थोबाडीत द्याव्याशा वाटतात. मी दर दोन-तीन महिन्यांनी तिच्या कपड्यांची जमीन गडद करत होतो. आधी तिला पिस्ता रंगावरचा मोगरा छान दिसायचा. पुढे तो फिका पडायला लागला, म्हणून गुलाबी आणला. गुलाबीत ती आजारी दिसायला लागली, म्हणून राणी. राणीही पुरेना, तेव्हा वाइन. दरवेळी मी घरी येऊन कापड तिच्या खांद्यावर टाकायचो, दोन पावलं मागे जायचो, मान तिरकी करायचो आणि म्हणायचो, "वा! आता कसा चेहरा भरला!" पंचवीस वर्षांच्या अनुभवी माणसाला एकदाही प्रश्न पडला नाही, की या पोरीला दरवेळी जास्त रंग का लागतोय.

बाकीचं तर डोळ्यांसमोर होतं. आमचं घर दुसऱ्या मजल्यावर. ती पहिल्या जिन्यानंतर कठड्याला टेकून मोबाइल बघत उभी राहायची. मी म्हणायचो, "घरी येऊन बघ ना, वायफाय आहे." ती तांदळाच्या डब्यातून मूठभर कच्चे तांदूळ घेऊन कटाकटा खायची. ताई हसायची, "खा, खा, लग्नात पाऊस पडणार बघ तुझ्या." आम्ही सगळे हसायचो. तीही हसायची.

मग स्थळ आलं. मुलगा इंजिनिअर, एकुलता एक. त्याची आई बघायला आली तेव्हा पोरीने मी दिलेला वाइन जमिनीवरचा कुर्ता घातला होता. त्या बाई दहा मिनिटं बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "फोटोपेक्षा उजळ आहे हो मुलगी!" ताईने माझ्याकडे असं बघितलं जसं काही मीच तिला गिरणीतून दळून आणलं होतं. आणि मी? मी कॉलर ताठ केली. खरंच केली, हाताने.

साखरपुडा महिन्यावर आला. आमच्यात लग्नाला नवरी पांढऱ्या साडीत असते, त्यामुळे रंगाची हौस काय ती साखरपुड्याला. मी दुकानातले दोनशे प्रकार उलटेपालटे केले आणि एक जॉर्जेट काढलं: डाळिंबी जमीन, मोतिया रंगाची फुलं, पाकळ्यांच्या टोकाला गाजरी. माझ्या आयुष्यातली सर्वांत चांगली निवड. ते घेऊन आम्ही बापलेक ब्लाउजचं माप द्यायला गेलो.

आमची शिलाईवाली कोपरखैरणे गावातली, खाडीकाठच्या जुन्या घरातली. मी तिला वहिनी म्हणतो. तोंडाने फटकळ, पण हातात जादू. तिने पोरीला हात वर करायला सांगितले, छातीचं माप घेतलं आणि दंडाकडे वळली, तेवढ्यात पोरगी हात खाली घेऊन मशीनच्या स्टुलावर बसली.

"काय गो, काय झाला?"

"काही नाही, जरा गरगरलं."

वहिनीने टेप गळ्यात टाकला. पोरीचा हात हातात घेऊन नख दाबलं, सोडलं, परत दाबलं. मग अंगठ्याने तिच्या डोळ्याची खालची पापणी ओढून बघितली. मग माझ्याकडे वळली.

"दादा, पोरीला दवाखान्यान न्या."

"अहो, ऑफिसमधून थेट आली आहे. चहा घेतला की होईल ठीक."

"चहा नको. ही गोरी नाय झाली. हिचे अंगान रगत नाय. माजी धाकटी बहीन अशीच पांढरी व्हत गेली, आमी पन गोरी गोरी करत बसलो व्हतो."

मला काय व्हायला हवं होतं? भीती वाटायला हवी होती. मला आला राग. साखरपुडा महिन्यावर, मुलाकडचे खूश, आणि ही बाई माझ्या पोरीला आजारी म्हणते! गावात चार घरी कपडे शिवते, चार घरी बोलेल. मी मशीनवरचं कापड गुंडाळलं आणि म्हणालो, "वहिनी, तुम्ही ब्लाउज शिवता, तेवढंच बघा. आम्ही दुसरीकडे देतो."

ती चिडली नाही. एवढंच म्हणाली, "कुठं पन द्या. पन न्या तिला."

वाटेत चौकात पोरगी म्हणाली, "बाबा, त्या खरं बोलत असतील तर?"

"तुला काही होतंय का?"

"नाही."

"मग झालं तर."

असा मी बाप. विचारलं, उत्तर मिळालं, विषय संपला.

चार दिवसांनी अस्तर जुळवायला तिला दुकानात नेलं. ट्यूबलाइटखाली रंग फसवतात, म्हणून जुळणीचं कापड आम्ही नेहमी बाहेर फुटपाथवर नेऊन उजेडात बघतो. दुपारचं स्वच्छ ऊन होतं. मी तिची ओढणी काढून हातावर घेतली आणि अस्तराचे तुकडे तिच्या गळ्याशी एकेक करून धरायला लागलो. अंगाला कुठला जातो ते आधी बघायचं होतं, डाळिंबी साडी पिशवीतच होती. तिसरा तुकडा मोतिया होता.

मला पांढऱ्याच्या सहा छटा डोळे मिटून सांगता येतात. दूध, मोती, हस्तिदंती, खडू, कापूस, चुना, सगळ्या. त्या उन्हात मी बघितलं, तर मोतिया अस्तर आणि माझ्या मुलीचे ओठ यांत मला फरक दिसेना. गळ्याशी कुठलाच रंग नव्हता, फूल नव्हतं, झाक पडायला काही नव्हतं. तिचा चेहरा मी किती महिन्यांनी नुसता बघत होतो कोण जाणे.

"काय झालं बाबा? जुळत नाही का?"

"जुळतंय," मी म्हणालो. "चल."

मालकाला न सांगता तिला रिक्षात घातलं. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई तिच्याहून फार मोठ्या नसतील. रक्ताचा रिपोर्ट आला: हिमोग्लोबिन पाच पॉइंट दोन. त्यांनी आधी आकडा बघितला, मग पोरीकडे, मग माझ्याकडे.

"ही चालत आली?"

"जिने चढून आली," मी म्हणालो. त्यात कसलातरी अभिमान होता, देव जाणे कसला.

"हार्टवर ताण आलाय हिच्या. आणखी महिनाभर असंच गेलं असतं ना... इतके दिवस तुम्ही घरचे काय बघत होता?"

काय बघत होतो? प्रिंट बघत होतो, बाई. जमीन बघत होतो, फुलांचा आकार बघत होतो. हे मी त्यांना सांगितलं नाही. पिशवीतून डाळिंबी जॉर्जेट बाहेर डोकावत होतं, ते आत कोंबलं.

तिला दाखल केलं, रक्त चढवलं. तपासणीत कळलं, गर्भाशयात एक लहानशी गाठ होती, औषधाने आटोक्यात येणारी. वर्षभराहून जास्त काळ तिला दर महिन्याला दहा-दहा दिवस रक्त जात होतं. बायकोला तिने एकदा सांगितलं होतं. बायको म्हणाली होती, "काहींना होतं असं. माझ्या आईलाही व्हायचं." वॉर्डाबाहेरच्या बाकड्यावर ती मला हे सांगून रडायला लागली, आणि मी सवयीने तिच्यावर ओरडायला तोंड उघडलं. पण ओरडू काय? तिने निदान एकदा ऐकलं तरी होतं. मला तर पोरीने एकदाही सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पोरगी पलंगावर टेकून बसली होती. मी डाळिंबाचे दाणे सोलत होतो. तिला म्हणालो, "मला सांगायचं तरी. गरगरतंय, दम लागतोय, एवढं तरी."

ती म्हणाली, "सांगणार होते."

"मग?"

"मग सगळे मला सुंदर म्हणायला लागले." तिने सलाइनच्या नळीकडे बघितलं. "पहिल्यांदाच म्हणत होते, बाबा. मला वाटलं, सांगितलं तर औषध देतील आणि मी परत पहिल्यासारखी होईन."

मला कुणावर तरी धावून जायचं होतं. ताईवर, त्या क्रीमवाल्यांवर, ग्रुपवर बदाम पाठवणाऱ्या एकेका नातेवाइकावर. खाली जाऊन चहाच्या टपरीवर मी खरोखर भांडलो, चहात साखर जास्त पडली म्हणून. टपरीवाल्याने दुसरा चहा दिला आणि म्हणाला, "काका, टेन्शनमधी हाय का?" तोही मी सांडला.

साखरपुडा पुढे ढकलला. मुलाकडे आम्ही खरं तेच कळवलं: रक्त कमी झालंय, उपचार चालू आहेत, दोन-अडीच महिने द्या. मुलाच्या आई म्हणाल्या, "अहो, तब्येत आधी." मला बरं वाटलं. चांगली माणसं आहेत, असं मी बायकोला म्हणालोही.

गोळ्या, इंजेक्शनं, बीट, खजूर, बाजरीच्या भाकऱ्या. दीड महिन्यात पोरगी जिना न थांबता चढायला लागली. ओठांना रंग आला. आणि हळूहळू तिचा स्वतःचा गव्हाळ रंग परत आला, माझ्या आईचा. मी सकाळी चहा पिताना तिच्याकडे बघत बसायचो. ती म्हणायची, "बाबा, टक लावून काय बघताय? चहा गार होतोय."

मग एका रविवारी ताई आली. दारातच चपला काढता काढता म्हणाली, "अगं बाई! किती काळवंडली गं पोर!"

मी बसलो होतो तिथून उठलो. माझ्याहून आठ वर्षांनी मोठी बहीण. लहानपणी तिनेच मला शाळेत नेऊन सोडलेलं. आजवर तिच्यापुढे आवाज चढवला नव्हता.

"ताई, तोंड बंद कर."

"आँ?"

"मरत होती पोरगी, तेव्हा तू तिला खिडकीत उभी करून नाचत होतीस. आता जगली तर काळवंडली?"

"मी काय वाईट बोलले रे? मला काय ठाऊक तिच्या अंगात रक्त नाही? तुला ठाऊक होतं? तू तर बाप! तूच आणत होतास ना ती भडक भडक कापडं?"

ते खरं होतं, आणि खरं असल्यामुळे मी आणखी मोठ्याने ओरडलो. शेजारच्यांनी दार उघडून बघितलं. ताई पाणीही न पिता गेली. रागात तिचे पाय चपलांत नीट जाईनात, पहिल्या मजल्यापर्यंत ती एका पायात चप्पल घालत गेली. तिच्याशी बोलायला मला तीन आठवडे लागले.

ती गेल्यावर पंधराएक दिवसांनी मुलाच्या आईचा फोन आला. तारीख ठरवायची म्हणून मी उत्साहाने स्पीकर लावला. पोरगी आणि बायको जेवायला बसत होत्या.

"भाऊ, तब्येत कशी आहे आता?"

"उत्तम. रिपोर्ट अकरा आला."

"छान, छान. एक विचारू का, राग मानू नका. तुमच्या ताई सांगत होत्या, औषधांनी रंग जरा बदललाय म्हणून. म्हणजे परत होईल ना आधीसारखा? आम्ही नातेवाइकांना सगळ्यांना तो फोटो दाखवलाय हो."

बायकोच्या हातातला डाव आमटीतच थांबला. मी पोरीकडे बघितलं. तिने मोबाइल घेतला, कुणाला तरी मेसेज टाकला, थांबली. मी फोनवर 'एक मिनिट हं' म्हणालो, तेवढ्यात उत्तर आलं. तिने ते माझ्यासमोर धरलं. मुलाला तिने 'तुझं काय म्हणणं?' असं विचारलं होतं. त्याचं उत्तर होतं: 'आईच्या मनात आहे ते बघू आधी. मग बोलू.'

पोरीने ताट पुढे ओढलं आणि भाकरी मोडत हळूच म्हणाली, "बाबा, सांगा त्यांना. माझ्याकडून नाही."

"नक्की?"

"नक्की. आता तुम्ही तरी नीट सांगा."

मला वाटलं होतं, अशा वेळी माझ्या तोंडून काय काय बाहेर पडेल! महिनोन् महिने साठलेलं होतं. पण पंचवीस वर्षं बायांशी गोड बोलून तोंडाला लागलेलं वळण आडवं आलं. "हॅलो मॅडम," मी सुरुवात केली, "तुमचं म्हणणं बरोबर आहे..." बायकोने कपाळावर हात मारला. तेव्हा मी उभा राहिलो, एक श्वास घेतला आणि सुटलो. म्हणालो, की माझी मुलगी आजारी होती तेव्हा तुम्ही तिला पसंत केलं आणि बरी झाली तर नापसंत करता, म्हणजे तुम्हाला सून नको, रक्त नसलेलं बाहुलं हवंय. म्हणालो, की तिचा हा रंग माझ्या आईचा आहे आणि त्याला परत आधीसारखं करणारं औषध मी घरात येऊ देणार नाही. म्हणालो, की आमच्याकडून नकार. नकार! ऐकलंत? नकार! मध्ये कुठेतरी मी टेबलावर मूठ आपटली, लोणच्याची बरणी आडवी झाली.

पोरगी बरणी सरळ करत म्हणाली, "बाबा, त्यांनी फोन कधीच कट केला. 'तुमचं म्हणणं बरोबर आहे' एवढंच ऐकलंय त्यांनी."

"असं?" मी धापा टाकत म्हणालो. "मग परत लाव."

तिने दुसरी भाकरी वाढून घेतली आणि नंबर लावून फोन माझ्या हातात दिला.